जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेताय? टोकन थांबवा!

मित्रांनो, वाकोल्यात गॅरेज किंवा गोडाऊनसाठी बंद पेट्रोल पंपाची जागा स्वस्तात मिळतेय? मालक म्हणेल, "टाक्या कधीच काढल्यात." पण गळून मातीत मुरलेलं पेट्रोल टाकीसोबत निघत नाही. ते पाण्यापेक्षा हलकं, भूजलावर तरंगतं. पावसाळ्यात पाणी वर आलं की तेही वर येतं. त्यातल्या बेंझीनने ब्लड कॅन्सर होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम! म्हणजे वास येत नाही म्हणून बोअरचं पाणी चांगलं, असं नाही.

पंपाचा जुना नकाशा आणि 'पेसो'च्या लायसन्सचे कागद मागा. टाक्या, पाइप आणि मशीन जिथे होत्या, तिथेच ड्रिलिंग करून माती-पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त लॅबला द्या. खराब निघालं तर सफाईचा खर्च कोणाचा, ते साठेखतात लिहून घ्या.