आधी बुश बघा, मग अलाइनमेंट

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांची किंमत लावून दिली. खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि ही रक्कम शेवटी जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. झालं ते बरंच झालं. पण आदेश माणसांपुरता आहे. गाडीच्या पोटाखाली पावसाळाभर जे काही सैल झालं, वाकलं, फाटलं, त्याचं बिल आपल्याच नावाने फाटणार. ज्यांच्या गाड्या गणपतीत मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाऊन येतात, तेच दिवाळीला पुन्हा गावाकडे निघतात. निघण्याआधी 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' करून घ्यायचं, हे आता अभ्यंगस्नानाइतकं ठरून गेलंय.

माझी तक्रार नेमकी या रिवाजाशी आहे. पुढच्या चाकाखाली 'खट' वाजतं, गाडी डावीकडे ओढते, टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो, म्हणून आपण अलाइनमेंट करतो. पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात, छापील कागद हातात पडतो. महिन्याभराने तेच रडगाणं. कारण सांधा ढिला असेल, तर त्या सांध्यावर टांगलेल्या चाकाचा कोन मोजून आणि जुळवून उपयोग काय? पहिल्याच खड्ड्यात तो पुन्हा हलतो.

त्यात कॅम्बर नावाचा एक स्वतंत्र धंदा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही मांडणी फोर्डने १९५०च्या सुमारास रस्त्यावर आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली मारुती ८००मुळे. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एकच उभा खांब, खाली एक लोअर आर्म, संपलं. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा सोडणारी. मात्र यातल्या बहुतेक गाड्यांत कंपनीने टो, म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत, एवढीच गोष्ट फिरवायची सोय ठेवलेली असते. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, फिरवायला तिथे नटच नसतो. मग 'साहेब, कॅम्बर आउट आहे, त्याचे वेगळे पडतील' म्हणजे काय? तर हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट जोर देऊन वाकवणे. बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलाय, आर्म वाकलाय की स्ट्रट, हे न बघता चांगला भाग वाकवून वाकड्याशी जुळवायचा. याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या बोळात एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला जुना खड्डा आहे. अलाइनमेंटचं यंत्रही नाही, त्यामुळे त्या यंत्राबद्दल ते जे बोलतात ते अगदी निःस्वार्थी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. आधी बाजूला बसून गाडी तुम्हालाच चालवायला लावतात, रेडिओ आणि एसी बंद. पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना बारीक खटखट आली, तर संशय लिंक रॉडवर. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकच जड 'ठक', तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना करकर, मध्येच स्प्रिंगचा टणत्कार, तर स्ट्रटच्या वरचं माउंट.

मग जॅक लावून चाक अधांतरी करतात. डावी-उजवी बाजू धरून हलवलं आणि प्ले लागला, तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड. वर-खाली धरून हललं, तर बॉल जॉइंट, नाहीतर बेअरिंग. खात्री करायला लोअर आर्म आणि नकल (चाक धरणारा भाग) यांच्यामध्ये टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून हलकेच उचकटतात, आणि तुमचं बोट सांध्यावर ठेवायला लावतात. झिजलेला बॉल जॉइंट बोटाखाली टिचकी मारल्यासारखा उडतो. त्याच्यावरचा रबरी बूट बहुधा आधीच फाटलेला असतो. ग्रीस वाहून गेलेलं, आत चिखल आणि बारीक कच. बाकीचे बरेचसे भाग आवाज करून छळतात तेवढेच, हा मात्र निखळला तर चाक आडवं पडतं. याला 'दिवाळीनंतर बघू' नाही.

त्यांची खरी करामत बुश बसवताना दिसते. लोअर आर्मच्या बुशात रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत येतं. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळतात. त्याच अवस्थेत मुख्य बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच नवं रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट नुसता हाताने लावून गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसू द्यायची, मग खड्ड्यात उतरून टॉर्क द्यायचा. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही बहुधा हेच लिहिलेलं असतं. चकचकीत वर्कशॉपमध्ये पुढची गाडी रांगेत उभी असते, तिथे एवढा वेळ कोण देतो? 'नवीन बुश टिकतच नाहीत हो' ही तक्रार ऐकली की मी विचारतो, आवळले कसे होते?

स्टेअरिंगचं दुखणं थोडं वेगळं. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा आलं १९८८मध्ये, सुझुकीच्या सर्व्होत. आता छोट्या गाड्यांत ऑइल, पंप, होज यांची कटकट जवळजवळ संपली, पण खालची रॅक तीच राहिली. तिच्यातून खडखड आली की काही ठिकाणी थेट पूर्ण असेंब्लीचं कोटेशन हातात ठेवतात. कधी दोष फक्त रॅक एंडचा निघतो, कधी रॅकमधल्या बुशाचा, तर कधी डॅशबोर्डखालच्या स्टेअरिंग जॉइंटचा. दुसऱ्या गॅरेजात दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा दिसला म्हणून तो गेला असं नाही. ओघळ दिसला तर गेला. बदलायचा तर एका धुरीवरची जोडी. बॉनेट दाबून गाडी किती उसळते ते बघायची जुनी परीक्षा हल्लीच्या शॉकअपना फारशी लागू पडत नाही. आणि खड्डा चुकवता येत नसेल, तर चाक त्यात पडण्याआधी ब्रेक सोडा. ब्रेकमुळे नाक खाली जातं, स्प्रिंग आधीच दबलेली असते, धक्का घ्यायला जागाच उरत नाही.

सगळा दोष महापालिकेच्या माथी मारण्याआधी आपल्या सोसायटीच्या गेटवर फूटपट्टी घेऊन जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच ठरवला होता, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने सुखरूप जाते. गेटवरचा डांबरी उंचवटा ठरावाने घातलेला, आणि दिवसातून चार वेळा तो आपणच ओलांडतो.

सांधे बदलून झाले की मात्र अलाइनमेंट हवंच, विशेषतः टायरॉड एंड बदलल्यावर. टायरमधली हवा आधी तपासायची, स्टेअरिंग सरळ लॉक करायचं, टो जुळवायचा, कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्यायचे. कॅम्बरचे वेगळे पैसे सांगितले, तर तो फिरवायचा नट कुठे आहे ते दाखवायला सांगा.