डेनहोम एलियट : एका चरित्र अभिनेत्याची कारकीर्द

चित्रपटाच्या अभ्यासात नायक व दिग्दर्शक यांनाच प्रायः केंद्रस्थान मिळते. दुय्यम भूमिका साकारणाऱ्या चरित्र अभिनेत्याचे कार्य दुर्लक्षित राहते. या दृष्टीने ब्रिटिश अभिनेते डेनहोम एलियट (१९२२-१९९२) यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले. जर्मन युद्धबंदी छावणीतही त्यांनी नाटकांत भूमिका केल्या. 'द क्रुएल सी' (१९५३) मध्ये ते तरुण नौदल अधिकारी म्हणून दिसले. 'नथिंग बट द बेस्ट' (१९६४) पासून मात्र प्रतिष्ठा गमावलेला सभ्य गृहस्थ ही त्यांची ओळख बनली. 'अल्फी' (१९६६) मध्ये ते बेकायदेशीर गर्भपात करणाऱ्याच्या भूमिकेत काही मिनिटेच दिसतात. परंतु नायकाच्या स्वैर जीवनाची किंमत त्याच प्रसंगात प्रेक्षकाला उमगते.

'ट्रेडिंग प्लेसेस' मधील बटलर, 'अ प्रायव्हेट फंक्शन' मधील डॉक्टर आणि 'डिफेन्स ऑफ द रिअल्म' मधील मद्यासक्त पत्रकार या भूमिकांसाठी त्यांना लागोपाठ तीन वर्षे बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार लाभला. 'अ रूम विथ अ व्ह्यू' साठी ऑस्कर नामांकनही मिळाले. दूरचित्रवाणीवर 'ब्लीक हाउस' (१९८५) मध्ये त्यांनी जार्नडिस साकारला.

तात्पर्य, भूमिकेची लांबी हा तिच्या महत्त्वाचा निकष नव्हे. कथानक नायक पुढे नेतो. त्या कथेतील जग विश्वसनीय करण्याचे कार्य चरित्र अभिनेता करतो. म्हणून चित्रपटाच्या अध्यापनात त्यालाही स्थान असणे आवश्यक आहे.