फाळक्यात बोट गेले तर भरपाई किती? कागदावर सही करण्याआधी हे वाचा

नागपूर : वाडीची ट्रान्सपोर्ट गोदामे असोत, कळमन्याचा बाजार असो की बुटीबोरी-हिंगण्याची एमआयडीसी, ट्रकमधला बराचसा माल आजही हमालाच्या हातानेच उतरतो. ट्रक जरा मागे सरकला की धक्क्याच्या फटीत हात सापडतो. फाळका बोटांवर आदळतो, घसरलेल्या ड्रमखाली अंगठा चिरडतो. त्यानंतर अनेकदा मलमपट्टीचा खर्च आणि काही हजार रुपये देऊन कागदावर सही घेतली जाते. कायद्याने मिळणारी रक्कम मात्र लाखांत असू शकते.

कायदा कोणता?
२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता याच संहितेत आहेत. राज्याचा १९६९ चा माथाडी कायदा वेगळा आहे. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालालाही अपघाताची भरपाई मागता येते.

ईएसआय कार्ड असेल तर?
महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. उपचार मोफत होतात. काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा लाभ मिळतो. कार्ड असलेल्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. नागपुरात या योजनेचे रुग्णालय सोमवारी पेठेत आहे.

कार्ड नसेल तर?
भरपाई मालकाने द्यायची. कमाईची क्षमता किती घटली, याचे प्रमाण कायद्यातच ठरलेले आहे :
• अंगठा गेल्यास ३० टक्के
• तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के
• मधले बोट पूर्ण गेल्यास १२ टक्के
• एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के

हिशेब असा : वय ३०, पगार १२ हजार. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्याला या वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणले की १४,९७,४५६ रुपये होतात. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

‘तू ठेकेदाराचा माणूस’ म्हटले तर?
ठेकेदाराने हात वर केले, तरी ज्याच्या कामासाठी हमाल लावला त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. ‘तुझीच चूक होती’ एवढ्यावर दावा फेटाळला जात नाही. मात्र कामगार नशेत असेल किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर बोट गमावल्यासारख्या अंशतः अपंगत्वात मालकाला बचाव मिळू शकतो.

लगेच काय करायचे?
• तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लावू नका.
• मेडिकल असो की मेयो, डॉक्टरांना ‘कामावर अपघात झाला’ असे स्पष्ट सांगा. ठिकाण आणि वेळ केस पेपरवर लिहून घ्या.
• मालकाला लेखी कळवा. गेट पास, हजेरी आणि पगार जमा झाल्याचे मेसेज जपून ठेवा.
• जखम भरल्यावर डॉक्टरांकडून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या.

दावा २ वर्षांच्या आत करावा लागतो. नागपुरात असे दावे कामगार न्यायालयात चालत आले आहेत. मालकाने महिनाभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

सही आधीच झाली असेल तर?
भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. त्यामुळे सही दिली म्हणून दावा संपत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. हेल्पलाइन : १५१००.