कोव्हॅक्सिनच्या पेटंटवर कोणाचे नाव?

कोव्हॅक्सिन लसीसाठी लागणारा कोरोना विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत वेगळा करण्यात आला आणि मे २०२० मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवण्यात आला. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची. बौद्धिक संपदा दोघांची राहील, विक्रीवर परिषदेला रॉयल्टी मिळेल आणि लसीच्या खोक्यावर परिषदेचे व पुण्याच्या संस्थेचे नाव छापले जाईल, असे करारात ठरल्याचे सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले. खोक्यावर नाव आले. कंपनीने केलेल्या पेटंटच्या अर्जात मात्र आले नाही. जून २०२४ मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने खुलासा केला की चूक अनवधानाने झाली, करार गोपनीय असल्याने अर्जाच्या वेळी तो उपलब्ध नव्हता. मग आयसीएमआरला सहमालक करून घेण्याची प्रक्रिया सुरू झाली.

अर्जात नाव लागले म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. भारतीय पेटंट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतः उत्पादन करून विकू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र सर्वांची संमती लागते. दिसायला ही वाटणी सारखी आहे. पण सरकारी प्रयोगशाळेकडे कारखाना कुठे असतो? माल कंपनीच बनवणार आणि पैसाही तीच कमावणार. म्हणून रॉयल्टीचे कलम करारात आधीच घालून घ्यावे लागते.

हक्क गमावण्याची दुसरी वाट प्रयोगशाळेतूनच जाते. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि अर्जाआधी तो शोधनिबंधात छापला तर त्याचे नावीन्य सहसा संपते. कायद्यातल्या सवलती थोड्या आणि अटींच्या आहेत. संशोधकाची बढती मात्र निबंधांवर ठरते, त्यामुळे त्याला छापण्याची घाई असते. यावर उपाय सोपा आहे: आधी तात्पुरता अर्ज दाखल करावा, मग निबंध पाठवावा आणि बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यावा. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते.

अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू दिली. सरकारने स्वतःसाठी वापराचा हक्क राखला. त्याच धर्तीवरचे विधेयक भारतात २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. करदात्याने संशोधनाला एकदा आणि औषधाला पुन्हा पैसे का मोजायचे, हा टीकाकारांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. २०१४ मध्ये विधेयक मागे घेण्यात आले. त्यामुळे सरकारी संशोधनातला जनतेचा वाटा आजही मुख्यतः संस्थेच्या धोरणावर आणि ती कंपनीशी कसा करार करते, यावरच ठरतो.