निरीक्षण विहीर बुजवताना

कारखाना बंद पडतो, सांडपाण्याची तळी आटतात, त्यांवर माती पसरली जाते. अशा जागेवर शेवटपर्यंत उरतात त्या निरीक्षण विहिरी. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी मोजते. तळ्याकाठच्या विहिरीचे काम मात्र वेगळे असते. दोन-चार इंची नळी, तिच्या खालच्या टोकाला बारीक चिरा, त्यांभोवती धुतलेली वाळू, वाळूवर बेंटोनाइट मातीचे बूच आणि वरपर्यंत सिमेंट, अशी तिची रचना असते. ठरावीक थरातलेच पाणी नळीत यावे आणि त्यात काय विरघळले आहे ते तपासता यावे, हा हेतू. काम संपल्यावर हीच विहीर कशी आणि केव्हा बंद करायची, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

त्यासाठी भोपाळचे उदाहरण पाहू. युनियन कार्बाइडच्या कारखान्याने १९७७च्या सुमारास आवाराच्या उत्तरेला सांडपाण्याची बाष्पीभवन तळी बांधली. पाणी उन्हाने उडून जावे आणि तळाच्या प्लास्टिक अस्तरामुळे जमिनीत मुरू नये, ही कल्पना. पण १९८२ मध्येच, म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षे आधी, तळी गळत असल्याची चिंता कंपनीच्या अंतर्गत संदेशांत नोंदली गेली होती. पुढे कारखान्याच्या परिसरातील भूजलात क्लोरीनयुक्त बेंझिने सापडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये आवारात साठवलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेण्यात आला. पोत्यांतले हलवता आले. मुरलेले असे ट्रकमध्ये भरता येत नाही.

या रसायनांचा एक गुणधर्म इथे महत्त्वाचा. डायक्लोरोबेंझिनसारखी द्रव्ये पाण्याहून सुमारे १.३ पट जड असतात आणि पाण्यात फार थोडी विरघळतात. तेलासारखी तरंगण्याऐवजी ती खाली उतरतात आणि चिकणमातीचा घट्ट थर लागला की त्यावर थबकतात. त्या थरातून आरपार गेलेली, बेवारस सोडलेली बोअर म्हणजे त्यांच्यासाठी तयार जिनाच. मातीतून उतरायला ज्याला अनेक वर्षे लागली असती, ते अशा वाटेने फार लवकर खालच्या स्वच्छ पाण्यात पोहोचू शकते. साक्षीसाठी खोदलेली विहीरच मग गुन्ह्यातली भागीदार होते.

म्हणून अशी विहीर नुसती भरायची नसते, ती सीलबंद करायची असते. आधी तिच्या बांधणीची नोंद काढून खोली आणि थर पडताळतात. शक्य असेल तर नळी उपसून काढतात. नळीबाहेरची वाळू किंवा सैल सिमेंट हीसुद्धा वाट असू शकते, म्हणून गरज पडल्यास मूळ भोक पुन्हा मोठे खोदतात. मग बारीक पाइप तळापर्यंत सोडून सिमेंट-बेंटोनाइटचे पातळ मिश्रण खालून वर चढवतात. वरून ओतले तर ते मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते. बेंटोनाइट पाण्याने फुगते आणि फटी धरते.

इथे साधा हिशेबही उपयोगी पडतो. १० सेंटिमीटर व्यासाचे, ३० मीटर खोल भोक भरायला सुमारे २३५ लिटर मिश्रण लागते. दीडशे लिटरांतच ते काठोकाठ भरले, तर आत पोकळी आहे. चारशे लिटर गेले, तर मिश्रण कुठल्या तरी भेगेत शिरले आहे. हा आकडा ठेकेदाराच्या बिलापुरता नसून कामाच्या दर्जाचा पुरावा आहे.

वापरात नसलेल्या बोअरवेलबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. त्यांत चिकणमाती, वाळू, दगडगोटे किंवा खोदाईचा चुरा वापरून बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरण्यास सांगितले आहे. मुले बोअरमध्ये पडून मरत होती. तो धोका टाळण्यासाठी हे पुरेसे आहे. पण वाळू आणि गोटे पाणी अडवत नाहीत. दूषित जागी त्यांनी भरलेली बोअर पायाला सुरक्षित असते, भूजलाला नाही. हीच गोष्ट आसपासच्या वस्तीतल्या टाकून दिलेल्या हातपंपांची.

राहिला प्रश्न ‘केव्हा’चा. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या बंद केलेल्या जागांवर साधारण ३० वर्षे देखरेखीचा नियम आहे. आपल्या २०१६च्या घनकचरा नियमांत बंद भरावभूमीसाठी किमान १५ वर्षे सांगितली होती. एका उन्हाळ्यातला स्वच्छ नमुना फसवा असू शकतो. पावसाळ्यात पाणी वर चढले की कोरड्या थरात अडकलेले रसायन पुन्हा विरघळते. त्यामुळे निदान काही वर्षांचे, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे सलग हवेत. शिवाय सगळ्या विहिरी एकदम बुजवू नयेत. पाणी ज्या दिशेने वाहते, त्या दिशेच्या, वस्तीलगतच्या विहिरी सर्वांत शेवटी.

बुजवलेल्या प्रत्येक विहिरीचे ठिकाण, खोली, वापरलेले मिश्रण आणि शेवटच्या तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत कुणालाही पाहता येतील असे ठेवले पाहिजेत. उद्या त्याच जागेवर घर बांधून बोअर मारणाऱ्याला हे ठाऊक असण्याचा हक्क आहे. विहीर बंद झाली तरी तिने सांगितलेले बंद होता कामा नये.