वरच्याची बाग, खालच्याचं छत

आमच्या गॅलरीत सात कुंड्या आहेत आणि सातही बेकायदा आहेत. जिन्याखालच्या फलकावर नोटीस आहे : कुंड्या ठेवू नयेत, खाली पाणी गळते, स्लॅबवर भार येतो. खालच्या काकू मला दोनदा त्यांच्या घरी घेऊन गेल्या आहेत, छताला आलेली ओल दाखवायला. त्यामुळे पॅरिसला खेटून असलेल्या इव्री गावातल्या इमारतींची छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या मनात सौंदर्य वगैरे आलंच नाही. आलं ते एवढंच, की इथल्या खालच्या काकूंचं काय?

कारण तिथे कुंड्या नाहीतच. तिथे सरळ माती आहे. घराघराच्या गच्चीवर ३० सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा थर, म्हणजे शाळेतली मोठी पट्टी उभी गाडली तर दिसेनाशी होईल एवढा. त्यात गवत, झुडपं, कठड्यावरून खाली उतरलेल्या वेली आणि मधूनच चक्क झाडं. खालून पाहिलं तर इमारत कुठे संपते आणि टेकडी कुठे सुरू होते, कळत नाही. आणि हे कुणा धनिकाचं पेंटहाऊस नव्हे. ही नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली, माफक भाड्याची घरं आहेत.

हा उद्योग ज्यांनी केला त्या वास्तुरचनाकार म्हणजे रने गायूस्ते. जन्म १९२९ चा, अल्जीरियातल्या ओरान शहरातला. १९६९ मध्ये त्या इव्रीच्या पुनर्रचनेच्या मुख्य वास्तुरचनाकार झाल्या आणि त्यांनी झाँ रनोदी यांना सोबत बोलावलं. रनोदी त्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे सोबती, एकेकाळचे जोडीदारही. गाव कामगारांचं, नगरपालिका पिढ्यान् पिढ्या कम्युनिस्टांची, आणि पालिकेच्या गृहनिर्माण कार्यालयाच्या प्रमुख रेमंड लालुक यांची वेगळं काही करून बघण्याची तयारी.

वेगळं म्हणजे कशापेक्षा? दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला घरं हवी होती, भरपूर आणि झटपट. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तुकडे क्रेनने उचलून जोडायचे. क्रेन रुळांवरून धावायची आणि रूळ सरळ असले तर काम भराभर व्हायचं. म्हणून इमारतीही सरळ, लांबलचक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. हजारो माणसांनी कसं राहायचं हे क्रेनच्या रुळांनी ठरवलं! हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

गायूस्तेंनीही सुरुवातीला इव्रीत उंच मनोरेच बांधले. मग हात वळला तो भूमितीकडे.

एक साधा प्रयोग करा. काड्यापेट्या एकावर एक नीट रचा. दहा पेट्या रचल्या तरी आभाळ दिसतं ते फक्त सर्वात वरच्या पेटीला. आता प्रत्येक पेटी थोडी सरकवून, थोडी फिरवून ठेवा. लगेच प्रत्येक पेटीचा थोडा भाग उघडा पडतो. तो उघडा भाग म्हणजे खालच्याचं छत आणि वरच्याची गच्ची. रनोदींनी पेट्याही चौकोनी ठेवल्या नाहीत. त्यांनी त्रिकोण घेतले, टोकं बाहेर काढली, आणि नकाशा एखाद्या विस्कटलेल्या चांदणीसारखा दिसू लागला. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसापेक्षा चांदणीची परिमिती कितीतरी मोठी असते, म्हणून खिडक्या जास्त, गच्च्या जास्त. झान हाशेत नावाच्या त्यांच्या संकुलात चाळीस घरं आहेत आणि एकासारखं दुसरं नाही.

भिंती काटकोनात भेटत नाहीत, ही मात्र कटकटच. कपाट भिंतीला टेकवलं की मागे त्रिकोणी पोकळी उरणार. पलंग कुठल्या कोपऱ्यात घालायचा याचा खल प्रत्येक भाडेकरूने केला असणार. गायूस्तेंनी पुढे ‘ल लिएगा’ या १४० घरांच्या इमारतीत षटकोन वापरला, तो मला जास्त समजूतदार वाटतो. षटकोनाचे कोपरे रुंद असतात, माणसाच्या अंगावर येत नाहीत.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत शेतालाही जमीन म्हणतात आणि घरात पोछा मारतो तिलाही जमीनच. वजनाच्या हिशेबात मात्र या दोन जमिनींत फार अंतर आहे. राहत्या खोलीची जमीन आपल्याकडच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून आखतात. पावसात भिजलेली ३० सेंटिमीटर माती तेवढ्याच जागेवर ५०० किलोंच्या घरात जाते. म्हणजे चौरस मीटरभर जागेत सात-आठ माणसं दाटीवाटीने उभी आहेत आणि ती जन्मात घरी जाणार नाहीत! हा भार मागाहून घालता येत नाही. खांब, तुळया, स्लॅब, सगळ्यांना पहिल्या रेघेपासून तो ठाऊक असावा लागतो. वर जलरोधक थर, पाण्याला वाट, मग माती. म्हणजे बाग हा इमारतीवर शेवटी चढवलेला साज नाही, तर सांगाडा बेतायचा तो बागेला धरूनच.

एवढ्या खटाटोपाच्या बदल्यात माती काय देते? पाऊस पडला की ती आधी स्वतः पिते आणि मग उरलेलं सावकाश गटाराला देते. उन्हाळ्यात खालच्या घराचं छत थेट तापत नाही. शिवाय पानं आणि माती पाणी हवेत सोडत राहतात. अर्धी बादली, म्हणजे दहा लिटर पाण्याची वाफ व्हायला साडेसहा युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती उष्णता ऊन पुरवतं, छत वाचतं. १९७० च्या सुमारास ‘शाश्वत’ हा शब्द वास्तुकलेच्या दुकानात अजून आला नव्हता, माल मात्र इव्रीत तयार होता.

पॅरिसजवळच्याच ओबेरव्हिलिए इथल्या ‘मालाद्रेरी’ वसाहतीत गायूस्तेंनी हीच कल्पना नऊशेच्या आसपास घरांपर्यंत नेली, १९७५ ते १९८४ या काळात. मालाद्रेरी या शब्दाचा अर्थ मध्ययुगातला कुष्ठरुग्णांचा आश्रम. तिथे आता झाडांमधून पायवाटा आहेत, चित्रकारांचे स्टुडिओ आहेत आणि गच्च्यांवर माती.

मग सगळीकडे असं का झालं नाही? एक कारण पैसा. १९७७ नंतर फ्रेंच सरकारने घरं बांधायला मदत देण्यापेक्षा भाडेकरूला भत्ता देण्यावर भर दिला आणि असली हौस परवडेनाशी झाली. दुसरं, जलरोधक थर म्हातारा होतो. तो बदलायचा तर आधी सगळी माती उकरायची, वीस-तीस वर्षं रुजलेल्या झाडांसकट. काकूंची तक्रार फ्रेंचमध्येही होऊ शकते.

गायूस्ते स्वतः ल लिएगात राहायला गेल्या, १९८२ मध्ये, आणि २०२३ मध्ये वारल्या तोवर तिथेच राहिल्या. लंडनच्या रॉयल अकादमीचं वास्तुकला पारितोषिक त्यांना मिळालं ते २०२२ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. मला त्या पारितोषिकापेक्षा पत्ता महत्त्वाचा वाटतो. आपल्या हातच्या माफक भाड्याच्या इमारतीत चाळीस वर्षं राहणारे वास्तुरचनाकार मला फारसे माहीत नाहीत.

त्या इमारतींचा नकाशा समोर ठेवून मी बोट फिरवत बसतो. हे एक घर. याची बाग या दुसऱ्या घराच्या डोक्यावर, आणि याच्या स्वतःच्या डोक्यावर तिसऱ्याची. प्रत्येक जण कुणाचा तरी वरचा आणि कुणाची तरी खालची काकू. वेलींना तर दरवाजे ठाऊकच नाहीत. त्या वरून उतरतात आणि खालच्याच्या खिडकीत फुलतात.

आमच्या गोकर्णाच्या वेलीने परवा हेच केलं. गॅलरीच्या कठड्यावरून उतरून ती काकूंच्या ग्रिलपर्यंत पोचली. मी कात्री घेऊन खाली वाकलो, तर ग्रिलला तिचा शेंडा सुतळीने बांधलेला होता.