आधी पदवी की थेट डॉक्टरी?

बारावीचा निकाल लागतो, ‘नीट’चे गुण येतात आणि एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकते. मग घरात दोन सूर सुरू होतात. आई म्हणते, “एक वर्ष परत बस.” काका म्हणतात, “आधी बी.एस्सी. कर, डिग्री हातात असू दे, मग डॉक्टरकीचं बघू.” बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दरवर्षी असे काही जण भेटतातच. हजेरी इथं, मन ‘नीट’च्या पुस्तकात. म्हणून म्हटलं, हे दोन रस्ते नेमके काय आहेत ते एकदा नीट मांडून बघूया.

जगात डॉक्टर व्हायच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, मग ‘एमकॅट’ परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल कॉलेज. इंग्लंडमध्ये शाळा संपल्यावर थेट पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम असतो. शिवाय आधीच पदवी घेतलेल्यांसाठी काही विद्यापीठांत चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. म्हणजे तिथं पदवीधराचं एखादं वर्ष वाचतं.

अमेरिकेतही हे पहिल्यापासून असं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, तेव्हा वयाची एकवीस वर्षंही पूर्ण नव्हती. पुढे १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्यानं प्रवेशाला पदवीची अट घातली. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर तिकडची वैद्यकीय शिक्षणाची शिस्त कडक होत गेली. आनंदीबाई थोड्या उशिरा गेल्या असत्या, तर कदाचित दारातच अडल्या असत्या!

आता आपल्याकडचं. भारतात एमबीबीएसला दार एकच, ते म्हणजे ‘नीट’. ७२० गुण, विषय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. बी.एस्सी. झालेल्यालाही हीच परीक्षा, हीच साडेपाच वर्षं. काकांच्या सल्ल्यात नेमकी इथंच गफलत होते. बी.एस्सी.मध्ये झूलॉजी कितीही शिकलात, तरी एमबीबीएसचा एक दिवससुद्धा कमी होत नाही आणि पदवीधरांसाठी वेगळ्या जागाही नसतात. एक दिलासा मात्र आहे: २०२२ पासून ‘नीट’ला वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही. किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. दार उघडंच आहे, फक्त ते रुंद होत नाही.

साधा हिशेब करा. अठराव्या वर्षी थेट प्रवेश मिळाला, तर साडेतेविसाव्या वर्षी इंटर्नशिप संपते. एक वर्ष थांबलात, तर साडेचोविसाव्या. तीन वर्षांची बी.एस्सी. करून गेलात, तर साडेसव्विसाव्या. त्यापुढं एम.डी.ची तीन वर्षं. घरात धाकटी बहीण शिकणारी असेल, बाबा निवृत्तीला आलेले असतील, तर ही वर्षं नुसते आकडे राहत नाहीत.

आपल्या सीमाभागाची आणखी एक गंमत आहे. गंमत कसली, डोकेदुखीच म्हणा. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. म्हणून कित्येक जण दहावी इकडं करतात आणि अकरावी-बारावीला कोल्हापूर गाठतात. पण सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या कोट्याला सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही तिकडून लागतात. कर्नाटकात किमान सात वर्षांचं शिक्षण इथं झालेलं बघतात आणि त्याला परीक्षेच्याही अटी जोडलेल्या असतात. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात, पण त्या मोजक्याच आणि दाखले वेळेत काढावे लागतात. तेव्हा अकरावीला गाव बदलण्याआधी दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या प्रवेश-पुस्तिका वाचा. तिसरं गणित १५ टक्के अखिल भारतीय कोट्याचं. तिथं तुमचं राज्य कोणी विचारत नाही.

भाषेचंही तसंच. ‘नीट’ मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावचं केंद्र घेतलंत, तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. मराठी शाळेत शिकलेल्यानं फॉर्म भरतानाच हे लक्षात ठेवायला हवं.

मग ठरवायचं कसं? स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, जागा किती गुणांनी हुकली? थोडक्यात हुकली असेल आणि चूक कुठं झाली ते कळलं असेल, तर एक वर्ष थांबण्यात अर्थ आहे. दोन, ते वर्ष घराला पेलेल का, पैशानं आणि मनानं? तीन, हे सगळ्यात अवघड: ‘नीट’ नसती, तरी मी बी.एस्सी. केली असती का?

याचं उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त करा. बी.एस्सी.नंतर सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, सार्वजनिक आरोग्य, संशोधन अशा वाटा आहेत. त्यांतल्या काही मेडिकल कॉलेजच्या आवारातूनच जातात. पण उत्तर ‘नाही’ असेल, तर तीन वर्षं वर्गात पाहुण्यासारखं बसू नका. त्यानं पदवीही अर्धी होते आणि ‘नीट’ही.

१८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. आपल्या भागातल्या पिढ्यांनी तिथं उपचार घेतले. असा दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही. नर्स लागते, औषधं देणारा लागतो, रक्त तपासणारा लागतो. आजाऱ्याची सेवा करायची असेल, तर एमबीबीएस ही एक वाट आहे, एकमेव नव्हे. काका पुढच्या वेळी “आधी डिग्री” म्हणाले, तर वाद घालू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि वरचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. निर्णय मात्र तुमचा तुम्ही घ्या.